आपला सामना, परक्या गावात

शुगर लँड, मंगळवार, १६ सप्टेंबर २००८

प्रिय सुधीर,

फोन लागत नाही म्हणून लिहितोय. आम्ही सगळे सुखरूप आहोत. मागचं कुंपण आडवं झालं, वीज नाही, पाणी उकळून पितोय. हिचा गुडघा आहे तसाच, माझं बीपी ठीक. काकूंना सांग, वादळ गेलं, आता काळजी नको.

आता खरं बोलतो. रविवारी कब्जच्या, म्हणजे शिकागोच्या पिचर झांब्रानोने आपल्या ह्यूस्टन अॅस्ट्रोजविरुद्ध नो-हिटर टाकला, अख्ख्या बेसबॉल सामन्यात आपल्याला एकही हिट मारू दिली नाही. ५-०, दहा स्ट्राइकआउट. तुझ्याकडे तेव्हा सोमवारची पहाट असेल आणि तू मिरवणुकीतून घरी आला नसशील, पण बातमी एव्हाना पोचली असेलच. इथे कुणाशी बोलू? शेजारी छपरावर ताडपत्री ठोकतायत, मंडळातले लोक बर्फ आणि पेट्रोलच्या रांगेत आहेत. गॅल्व्हेस्टनला लोकांची घरंच्या घरं वाहून गेली, तिथे मी बेसबॉलचं दुःख कुठल्या तोंडाने काढू? तुझ्यापाशी मात्र काढणार.

शनिवारी पहाटे आइक वादळ गॅल्व्हेस्टनला धडकलं. आपल्या घरचे शुक्रवार-शनिवारचे सामने गेले, ते समजू शकतो. पण उरलेले दोन थेट मिलवॉकीला, ब्रूअर्सच्या मैदानावर नेले. तिथून शिकागो नव्वद मैल! माझा साडू नेपरव्हिलहून दीड-दोन तासांत गाडी हाकत पोचला. त्याच्यासारखेच बाकीचे. २३,४४१ माणसं आणि जिकडे पाहावं तिकडे कब्जचा निळा रंग. कागदोपत्री यजमान आपण, शेवटची बॅटिंग आपली, आणि आपल्या प्रत्येक आउटला टाळ्या. चिन्मय विचारतो, बाबा, आपण होम टीम ना, मग आपल्यालाच हूटिंग का? काय सांगणार?

आपली पोरं त्याच दिवशी विमानात बसली होती. मागे बायका-मुलं, अंधारातलं शहर. आणि समोर झांब्रानो, खांदा दुखावल्यामुळे बारा दिवस विश्रांती घेऊन ताजातवाना झालेला. कब्जच्या सोरियानोने सुरुवातीलाच होमरन मारला, तिसऱ्या इनिंगला आणखी चार धावा, तिथेच सामना संपला. नंतर उरलं ते एवढंच, की कुणीतरी एक हिट मारा रे. आपल्या बोर्नला वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा बेस) मिळाला, पेन्सला बॉल लागला, बाकी कोणी बेसवर पोचलंच नाही.

साडूचा फोन सातव्या इनिंगला कसाबसा लागला. मागे कल्लोळ. म्हणाला, "अरे, अजून..." आणि गप्प बसला. कब्जचा असला तरी संस्कार चांगले आहेत, नो-हिटर चालू असताना तो शब्द तोंडातून काढायचा नसतो, त्याने तो उच्चारला नाही. मी समजलो. मग फोन कट. शेवटी आपला अर्स्टाड स्ट्राइकआउट झाला आणि झांब्रानो गुडघ्यांवर बसला, हे मला रात्री उशिरा कळलं.

हा माणूस नाटकी आहे असं मी म्हणायचो आणि तू त्याची बाजू घेऊन भांडायचास. त्या मुद्द्यावर मी आजही हटत नाही. पण रविवारी त्याने जे केलं ते शंभर टक्के त्याचं आहे. चिन्मय म्हणतो, रेकॉर्डबुकात याच्यापुढे फुली मारायला हवी. मी त्याला स्पष्ट सांगितलं, सत्तावीस आउट हे सत्तावीस आउट. कब्जला १९७२ च्या मिल्ट पॅपसनंतर पहिल्यांदा हे सुख मिळालंय, छत्तीस वर्षांनी. माणसाच्या कष्टाला वादळाचं गालबोट लावायचं नाही. (आणि हो, आपल्या सहा पिचर्सनी २००३ मध्ये यांकी स्टेडियमवर मिळून टाकलेला नो-हिटरही नो-हिटरच. तू "सहा जणांनी मिळून गोवर्धन उचलला, त्यात काय" म्हणाला होतास, ते मी विसरलेलो नाही.)

मग सलतंय काय? तुला कुंबळेचं वर्ष आठवतं ना, १९९९? दिल्लीत दहा विकेट, ते सगळ्यांना आठवतं. पण त्याच्या आठवडाभर आधी चेन्नईला आपण बारा धावांनी हरलो आणि सगळं चेपॉक पाकिस्तानसाठी उभं राहिलं. तू तेव्हा म्हणाला होतास, असं उभं राहायला मैदान आपलं असावं लागतं. सुधीर, मला तेच सलतंय. हा सामना ह्यूस्टनला आपल्या मिनिट मेड पार्कमध्ये झाला असता, तर आठव्या इनिंगपर्यंत आपण चिडलो असतो, नवव्या इनिंगला गप्प झालो असतो, आणि अर्स्टाड आउट झाल्यावर उभे राहिलो असतो. मी तर नक्कीच. डोळ्यांत पाणी आलं असतं तरी. रविवारी झांब्रानोला टाळ्या मिळाल्या त्या त्याच्याच माणसांच्या. ज्यांच्या घरी तो जिंकला त्यांची टाळी त्याला मिळाली नाही, आणि आम्हालाही ती देता आली नाही. हे नुकसान स्कोअरकार्डवर दिसत नाही, पण मला ते पराभवापेक्षा मोठं वाटतं.

आणि वेळ बघ कुठली! जुलैत तू म्हणालास, यंदाचं सोड. आपल्या कार्लोस लीचं बोट मोडलं तेव्हा मीही मनातून सोडलं होतं. मग शेवटच्या पंधरापैकी चौदा जिंकलो! वाइल्ड कार्ड, म्हणजे प्लेऑफची शेवटची जागा, हाताशी आलं होतं. त्या जागेसाठी आपल्या पुढे असलेले ब्रूअर्स त्याच वीकेंडला फिलाडेल्फियात चारही सामने हरले, काल त्यांनी मॅनेजर नेड योस्टला काढून टाकलं, हंगामाचे दोन आठवडे उरले असताना! म्हणजे दार सताड उघडं होतं. ज्यांना मागे टाकायचं, त्यांच्याच मैदानावर, ते नसताना, आपण एक हिट काढू शकलो नाही. काल कब्जच्याच टेड लिलीपुढे आपल्या लोरेटाने सातव्या इनिंगला एक मारली. दोन दिवसांत एक हिट. बर्कमन, तेहादा, पेन्स असलेल्या टीमची!

लोक म्हणतायत, हंगाम संपला. मला ते पटत नाही. चौदा सामने जिंकणारी माणसं रविवारी अर्ध्या मनाने खेळली, कारण उरलेलं अर्धं मन ह्यूस्टनमध्ये होतं. पण ते परत येईपर्यंत सामने उरतील का, हा विचार मला झोपू देत नाही. आजपासून फ्लोरिडात मार्लिन्सशी सामने. आपले पिचर ऑस्वाल्ट आणि वुल्फ टिकले तर अजून आशा आहे.

तुझं नवीन ऑफिस कसं आहे? मुलीच्या दहावीचं ऐकलं, तिला सांग काकाने फार घोकू नकोस म्हणून निरोप दिलाय. वहिनींच्या क्लासला विद्यार्थी मिळाले का? गाडी बदललीस म्हणे, फोटो पाठव.

पोस्ट सुरू झालं की हे टाकतो. तोवर फोन लागला तर मार्लिन्सचा स्कोअर तूच मला सांग, तुझ्याकडे इंटरनेट आहे. पहाटे उठवलंस तरी चालेल.

तुझा,
अवि