सौरवीज : संध्याकाळचा आकडाही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

देशाच्या सौरवीज क्षमतेने २०२५च्या सुरुवातीला एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. २०१०मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले तेव्हा २०२२पर्यंत २० हजार मेगावॉट एवढेच लक्ष्य होते. २०१५मध्ये ते एक लाखावर नेले. मुदत हुकली, छतांवरची सौरवीज तर फारच मागे राहिली, पण एकूण आकडा गाठला याचा मनापासून आनंद आहे. दरही तसेच उतरले. मिशनच्या पहिल्या लिलावात युनिटला दहा रुपयांच्या वर असलेला भाव २०१७मध्ये राजस्थानातील भडला येथे २ रुपये ४४ पैशांवर आला.

माझे म्हणणे आहे ते हे यश मोजण्याच्या मापाबद्दल. मेगावॉट म्हणजे क्षमता. प्रत्यक्ष वीज मोजायची ती युनिटमध्ये. वर्षभराची सरासरी काढली तर सौर प्रकल्प क्षमतेच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढीच वीज देतो, आणि तीही दिवसा. दिवेलागणीला घराघरांतली मागणी चढते तेव्हा सौरवीज शून्यावर आलेली असते. तेवढ्या वेळात औष्णिक आणि जलविद्युत संचांना धावपळ करून ती तूट भरावी लागते.

दुपारची गत याच्या उलट. २०२५मध्ये राजस्थानातल्या प्रकल्पांना भर उन्हात उत्पादन कमी करावे लागले, कारण वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्याच अपुऱ्या होत्या. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो. अतिउच्चदाब वाहिनीची जमीन, परवानग्या आणि मनोरे यांत त्याहून कितीतरी जास्त काळ जातो. हे ठाऊक असूनही लिलाव आधी आणि वाहिनी मागाहून, हा क्रम मला अक्षम्य वाटतो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मागणीच उन्हाच्या वेळेकडे सरकवणे. याबाबतीत महाराष्ट्राची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मोलाची आहे. उपकेंद्राच्या जवळच सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वाहिनीला, दिवसा वीज द्यायची. वीज लांबून आणावी लागत नाही, गळती कमी होते. आणि साप, बिबट्या यांची भीती मनात घेऊन रात्री दारे धरायला जाणारा शेतकरी दिवसा पाणी देऊ शकतो. एवढ्या एका कारणासाठीही ही योजना रखडता कामा नये. २०२३च्या केंद्रीय नियमांनी सौर तासांतला दर किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितले आहे. तो लाभ घरगुती ग्राहकांच्या बिलातही स्पष्ट दिसायला हवा.

उरलेले काम साठवणुकीचे. नव्या सौर निविदांत प्रकल्पाच्या क्षमतेच्या किमान १० टक्के एवढी वीज दोन तास पुरवू शकेल अशी साठवण असावी, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५मध्ये सुचवले. माझ्या मते हे प्रमाण तुटपुंजे आहे. आपल्याकडे सह्याद्रीची उंची आहे आणि घाटघरच्या २५० मेगावॉट उदंचन प्रकल्पाचा अनुभवही आहे : शिल्लक विजेने पाणी वर चढवायचे, गरजेच्या वेळी खाली सोडून जनित्रे फिरवायची.

म्हणून विनंती. क्षमतेची बातमी छापताना शेजारी एक चौकट द्यावी : संध्याकाळची कमाल मागणी किती होती, ती कोणत्या स्रोतांतून भागली, साठवण किती वाढली. देशाचे वीजजाळे सांभाळणाऱ्या ग्रिड इंडिया या सरकारी कंपनीच्या दैनंदिन अहवालात यातली बरीचशी माहिती असते. किती सौरवीज नाकारली गेली, हे मात्र ऊर्जा मंत्रालयाला आपल्या वार्ताहरांनी वारंवार विचारावे.

आपला,
एक वाचक