अधिक महिन्यातला हप्ता

लालबाग, मुंबई
12 नोव्हेंबर 2025

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तिरुपूरला कापड बघून झालं असेल. परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, धंद्यासाठी दहा लाखांचं मुद्रा योजनेचं कर्ज काढते," आणि मी काही बोलायच्या आत रेंज गेली. म्हणून लिहितो. धंद्याला माझा विरोध नाही. गोविंदा पथकं आणि गणपती मंडळं असेपर्यंत ह्या भागात टी-शर्ट छापणाऱ्याला काम कमी पडणार नाही. माझं म्हणणं फक्त रकमेबद्दल आहे. सगळी नोकरी पतपेढीच्या कर्ज खात्यात गेली, त्यामुळे कोणी धंद्याचं नाव काढलं की मला आधी हप्ता दिसतो.

तुझ्याच हिशेबाने मशीन, हीट प्रेस आणि कॉम्प्युटर मिळून साडेपाच लाख. बाकीचे साडेचार कापड, शाई आणि भांडुपच्या गाळ्याचं डिपॉझिट. व्याज 11 टक्के आणि मुदत पाच वर्षं धरली, तर दहा लाखांना महिन्याला साधारण 21,740 रुपये हप्ता बसतो, पाच लाखांना 10,870. हे शिल्लक रकमेवरचं व्याज झालं. कोणी "फ्लॅट 11 टक्के", म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज, म्हणालं तर तिथून उठायचं, कारण पाच लाखांचाच हप्ता मग 12,900 च्या पुढे जातो.

आता कालनिर्णय बघ. ह्या वर्षी दहीहंडी 16 ऑगस्टला झाली. पुढच्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून दहीहंडी 5 सप्टेंबरला आणि गणपती 14 तारखेला. तुझा सीझन जवळजवळ तीन आठवडे पुढे सरकला. हप्ता सरकत नाही. मे-जूनमध्ये तुझ्याकडे एखाद्या क्लासचे नाहीतर ऑफिसच्या पिकनिकचे टी-शर्ट असतील, तेवढ्यातच गाळ्याचं भाडं, पोऱ्याचा पगार आणि हप्ता निघाला पाहिजे. मशीन बंद ठेवून खर्च वाचवीन म्हणशील, तर तूच सांगितलंस की पांढरी शाई प्रिंट हेडमध्ये सुकून बसते, रोज थोडं तरी छापावंच लागतं. बँक सुरुवातीचे काही महिने हप्त्याला सवलत देते, पण तेवढ्या दिवसांचं व्याज चालूच असतं.

म्हणून मशीन मुदत कर्जावर घे आणि कापडासाठी सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, लिमिट माग. सीसीत जेवढे पैसे उचलशील तेवढ्यावरच व्याज. ऑगस्टमध्ये उचल, ऑक्टोबरमध्ये भर. कापड पाच वर्षांच्या कर्जावर घेतलंस तर पहिल्या सीझनचे टी-शर्ट फाटून त्यांची फडकी होतील, तरी तू त्यांचं व्याज भरत असशील. डिपॉझिटला कर्ज नकोच. तुझ्या आईने पाटल्या काढून ठेवल्यात, त्यांचं काय करायचं ते आपण समोर बसून बोलू.

मुद्राबद्दल तुझ्या मित्रांनी बरंच काही सांगितलेलं दिसतं. मुद्रा तुला थेट पैसे देत नाही, कर्ज बँकच देते. शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत, तरुण दहापर्यंत. वीस लाखांचं तरुण प्लस आधीचं तरुण कर्ज फेडलेल्यांसाठी आहे. तारण लागत नाही हे खरं, पण त्याऐवजी जी सरकारी हमी असते ती बँकेसाठी असते. हप्ते थकले तर बँक तुझ्याच मागे लागणार, आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बिघडलं की पुढचं कर्ज विसर. तो रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, आजच काढ. मोबाईल हप्त्यावर घेतला होतास, ते खातं बंद दिसतंय ना, ते बघ. दोन-तीन हजारांच्या थकबाकीने चांगल्या मुलांच्या फाइली अडलेल्या मी पाहिल्यात.

मुद्राआधी मात्र पीएमईजीपी, म्हणजे केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम बघ, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही बघ. पीएमईजीपीत शहरातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या 25 टक्के अनुदान आहे आणि स्वतःचे फक्त पाच टक्के घालायचे. आठ लाखांचा प्रकल्प असेल तर तुझे 40 हजार आणि सरकारचे दोन लाख. ते दोन लाख हातात पडत नाहीत, तीन वर्षं बँकेतच अडकून राहतात, पण तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही. ही योजना नव्या उद्योगालाच आहे. घाईने आधी मशीन आणलंस आणि मग अर्ज केलास तर हात चोळत बसावं लागेल. आधी अर्ज, मंजुरी, प्रशिक्षण, मशीन त्यानंतर. वेळ लागेल. सप्टेंबर गाठायचा तर ह्याच महिन्यात फाइल गेली पाहिजे.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. "मॅडम, मुद्रा पास करून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारे स्टेशनबाहेरही भेटतील आणि व्हॉट्सअॅपवरही. मंजुरीचं पत्र दाखवून आधी चार्ज भरायला सांगितलं की पत्र खोटं समजायचं.

आणखी एक, मंडळांचं. अर्धे पैसे ऑर्डरबरोबर, उरलेले माल उचलताना. दहीहंडीच्या रात्री अध्यक्ष तुला ओळखही दाखवणार नाही, दुसऱ्या दिवशी फोन उचलणार नाही आणि चौथ्या दिवशी "साहेबांकडून यायचेत" म्हणेल. टी-शर्टच्या पाठीवर ज्या साहेबांचं नाव मोठ्ठं छापायचं, त्यांच्या ऑफिसातून ॲडव्हान्स आल्याशिवाय त्यांचा फोटो मशीनवर चढवायचा नाही. भीड वाटत असेल तर ऑर्डर घ्यायला मला बसव. मला ह्यातल्या बऱ्याच जणांचे बापही माहीत आहेत.

येताना तिथल्या दोन कापडवाल्यांचे दर लेखी आण, किमान किती किलो उचलावं लागेल तेही त्यावर असू दे. मशीनचं कोटेशन मुंबईच्याच डीलरकडून घेऊ, म्हणजे बिघाड झाला तर माणूस त्याच दिवशी येईल. कोटेशनवर मॉडेल नंबर आणि जीएसटी वेगळा लिहून हवा. नुसतं "प्रिंटिंग मशीन" लिहिलेला कागद बँक परत पाठवते.

गाडी मुंबईला किती वाजता येते ते आईला कळव.

तुझा,
बाबा