म्हाताऱ्या बैलाचा खर्च कोणाच्या डोक्यावर?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गोवंश हत्याबंदीच्या कायद्यावर दोन्ही बाजूंची पत्रं तुमच्या पेपरात येऊन राहिली, मी सगळी वाचतो, पण ज्याच्या कोठ्यात बैल बांधलेला आहे त्याचं पत्र काही दिसत नाही म्हणून लिहायला बसलो. मी आर्वी तालुक्यातला कास्तकार. गवळाऊ ढोरांचा हा मुलूख, कपाशी, तूर, सोयाबीन एवढ्यावर आमचं घर चालते. विचाराने मी उदारमतवादी आहे, म्हणजे ज्याने त्याने आपला धर्म मनापासून पाळावा, सरकारने कोणाच्या देवघरात अन ताटात डोकावू नये अशा मताचा. गावातली पोरं लिबरल म्हणून चिडवतात, माझं मत त्याने बदलत नाही.

पहिले एक सांगतो, बैलावर माझी श्रद्धा कोणापेक्षा कमी नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद लावून खांदेमळणी होते, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" असं बैलाच्या कानात सांगतो, दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, घुंगरमाळ, तोरणाखाली झडत्या, मग घरी पुरणपोळीचा घास. आमच्या घरात हे कधी चुकलं नाही. त्यामुळे "तुम्हाले आपल्या धर्माचं काही वाटत नाही" हे वाक्य मला कोणी ऐकवू नये.

आता कायदा. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गाय कापायला बंदी होती, पण काम संपलेल्या बैलाला कापायच्या परवानगीचा दाखला मिळायचा आणि कास्तकार तो रीतसर विकू शकत होता. १९९५ ला विधिमंडळाने बैल अन वळू दोन्ही बंदीत घातले, त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली २०१५ मध्ये, आणि तेव्हापासून पाच वर्षांपर्यंत कैद अन दहा हजारांपर्यंत दंड. कोर्टाचंही सांगतो. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की कामातून गेलेल्या बैलावर सरसकट बंदी घालणं वाजवी नाही, आणि २००५ मध्ये त्याच कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने बहुमताने ते मत फिरवलं. आम्हाला निकाल मान्य आहे, कायदा आम्ही पाळतो, पण कायदा पाळणं वेगळं आणि तो बरोबर आहे असं म्हणणं वेगळं, आणि हे म्हणायचा हक्क घटनेनेच दिला आहे ना.

शहरातल्या वाचकांना माहीत नसते म्हणून खुलासा करतो. बैलजोडी ही आमची कायमची खरेदी नसते. जोडी दहा-बारा वर्षं वखर, डवरा, बंडी ओढते, मग तिचा दम कमी होतो. पहिले त्याच वेळी बैलबाजारात म्हातारा बैल जायचा, जे पैसे येत त्यात थोडी भर घालून गोऱ्हे घ्यायचे, दाताला नवीन, कामाला शिकवता येतील असे. म्हणजे जुन्या बैलाची किंमत हेच नव्या बैलाचं भांडवल होतं, बँकेत जावं लागत नव्हतं की सावकाराच्या दारात. आता त्या बैलाला गिऱ्हाईकच नाही. अन त्याला काम नसलं तरी पोट तर आहे, सरकीची ढेप, कुटार, कडबा, उन्हाळ्यात पाणी, सगळं लागते.

माझ्याकडे असा एक बैल आहे. उठताना पुढच्या गुडघ्यावर अडकून राहते ते, मग एकाने शेपटीकडून, दोघांनी पोटाखालून बांबू घालून उचलावं लागते, पाय थरथर करते, उभं राहिलं की पहिले माझ्याकडे पाहते अन मग गव्हाणीत तोंड घालते. त्याच्या मानेवर जुवाचा घट्टा अजून तसाच आहे. मी त्याला विकणार नाही, शेवटपर्यंत सांभाळीन, कारण माझ्याकडे ओलीत आहे अन पोरगा नोकरीवर आहे. पण शेजारचा अडीच एकरवाला, त्याच्यावर सोसायटीचं कर्ज आहे, पोरीची कॉलेजची फी आहे, त्याने काय करायचं? माझी श्रद्धा मला परवडते म्हणून ती त्याच्यावर कायद्याने लादायची का? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे. "ज्याने जन्मभर राबून खाऊ घातलं त्याला कसायाच्या हाती देता का" असं विचारणाऱ्यांच्या भावनेची मी टिंगल करत नाही, प्रश्न खरा आहे अन मलाही रात्री झोपू देत नाही, पण विचारणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी शेण काढतात हो? ज्याच्या दारात ढोर आहे त्याला ठरवू द्या.

प्रत्यक्षात होते काय, तर रात्री कोणीतरी येऊन म्हातारी ढोरं हायवेच्या बाजूला सोडून जाते. ती ट्रकखाली येतात, मोटरसायकलवाले त्यांच्यावर आदळून मरतात, नाही तर दुसऱ्याच्या तुरीत घुसतात. रोही (नीलगाय) अन रानडुकरांनी तसंही पीक ठेवलं नाही, त्यात ही भर. यात गोवंशाची कोणती रक्षा झाली? उलट २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनेच्या मधात देशातले बैल, वळू, गोऱ्हे मिळून जवळपास ३० टक्के कमी झाले. ट्रॅक्टर हे मोठं कारण आहे, ते मी नाकारत नाही, पण म्हातारपणी विकता येणार नाही असा गोऱ्हा वाढवायला कोण धजेल?

३० सप्टेंबर २०२४ ला सरकारने देशी गायीला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं अन गोशाळांना गायीमागे रोजचे ५० रुपये द्यायचं ठरवलं. द्या, जरूर द्या. पण महिन्याचे ते पंधराशे रुपये गोशाळेला लागतात तर कास्तकाराचं ढोर काय हवेवर जगते?

अन गोरक्षक म्हणून ढोरांच्या गाड्या अडवणाऱ्या पोरांबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र खोटं होईल. चांगला कामाचा बैल एका बाजारातून दुसऱ्या गावी न्यायचा तरी आता जीव मुठीत धरावा लागते. पावती आहे, डॉक्टरचा दाखला आहे, तरी रस्त्यात पोरं गाडी थांबवतात, पहिले नाव विचारतात अन मग कागद. नाव आमच्यासारखं असलं तर शिव्यांवर भागते, ड्रायव्हर मुसलमान असला तर त्याचे हाल बघवत नाहीत. माझा नेहमीचा गाडीवाला शेवटी म्हणाला, "भाऊ, तुमचं भाडं नको, मले लेकरं आहेत." आमच्या बापजाद्यांपासून या लोकांशी व्यवहार, उधारी, लग्नाकार्यात येणं-जाणं. तपासणी पोलिसांनी करावी, हजार वेळा करावी, पण हातात काठी अन मोबाईलचा कॅमेरा घेतलेल्या पोरांना हा अधिकार दिला कोणी? तीही आमचीच पोरं आहेत, बीए होऊन घरी बसलेली, त्यांना काम द्यायचं सोडून कोणीतरी हे धरवून दिलं आहे याचा जास्त त्रास होतो.

कायद्याच्या बाजूचे लोक यावर गाडगेबाबांचं नाव पुढे करतात. बाबा आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, जत्रेतल्या पशुबळीविरुद्ध त्यांनी जन्मभर कीर्तनं केली हे शंभर टक्के खरं. पण केली कीर्तनं! लोकांसमोर हात जोडून, प्रश्न विचारून, रडवून, हसवून. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनीही खंजिरी वाजवूनच गावं जागी केली. असं कोणी समजावत असेल तर मी पुढे बसून ऐकीन.

राजकारणाचं काय सांगू. २०२५ च्या पोळ्याच्या तोंडावर, १९ ऑगस्टपासून, केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, पहिले सप्टेंबरअखेर अन मग वाढवून डिसेंबरअखेर. म्हणजे आमचा कापूस घरात यायचा तेव्हाच बाहेरचा कापूस बिनाशुल्क. हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७७१० रुपये जाहीर होता, पण खाजगी व्यापाऱ्याच्या दारात तो कोणाला दिसला ते गावोगाव विचारून पाहा. त्या वेळी आमच्याकडच्या स्टेटसवर अन चौकातल्या बॅनरवर कापसाचा विषय औषधालाही नव्हता. सत्तेतले बोलले नाहीत ते समजू शकतो, पण विरोधी पक्षवालेही बैलाच्या कायद्यावर तोंड उघडत नाहीत, हिंदू मतं जातील या भीतीने. अहो, बैल पाळणारा हिंदूच आहे ना, त्याला विचारून तर पाहा.

माझं मागणं मोठं नाही. १९७६ च्या कायद्यातली दाखल्याची पद्धत बैलापुरती परत आणा. तेवढी हिंमत नसेल तर गोशाळेचे रोजचे ५० रुपये म्हाताऱ्या बैलासाठी कास्तकाराच्या खात्यात टाका, जनावराच्या कानात बिल्ला आहेच, त्यावरून हिशेब ठेवता येतो. आणि कागद पूर्ण असलेली गाडी अडवणाऱ्यावर गुन्हा नोंदवा, तो कोणत्याही संघटनेचा असो. पुढच्या इलेक्शनला जो उमेदवार आमच्या गावात येईल त्याला मी हेच तीन प्रश्न भर सभेत विचारणार आहे, अन बाकीच्या कास्तकारांनीही विचारावे ही विनंती.

आपला,
एक कास्तकार वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा