ताईस, सोमवारच्या आधी

मिरज, शुक्रवार रात्र

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

आई उद्या कोयनेने निघते आहे. तिच्या पिशवीत मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि हिरव्या लोकरीचा गुंडा आहे, त्याच्याखाली हे पाकीट ठेवतो. डोळ्याच्या डॉक्टरांनी आठ दिवस प्रवास नको म्हटलं नसतं तर मीच आलो असतो. एका डोळ्याने लिहितो आहे, ओळी वर-खाली जातील. काल तू फोन ठेवलास आणि मीही परत लावला नाही. हट्टच केला मी. चुकलं.

जावईबापूंवर चिडू नकोस, मीच त्यांना खोदून खोदून विचारलं. बाळूच्या डोक्यातल्या गाठीला सोमवारपासून लाईटचा शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू होणार; त्यासाठी डोकं स्थिर धरणारा तोंडाचा साचा घेताना त्याने हातपाय झाडले, रडून मजला डोक्यावर घेतला आणि तू त्याला चापट मारलीस. मग जिन्यात जाऊन तूच रडत बसलीस. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मला एकच सांगायचं आहे, भूल द्यावी लागली तर देऊ दे. पोराची हार नाही ती आणि तुझीही नाही.

बिनभुलीचं झालं तर चांगलंच, हे मी कुणाला सांगणार? आयुष्य त्यातच गेलं. भूल म्हणजे सहा तास पोटात अन्न नाही, शेवटचे 2 तास पाणीसुद्धा नाही, आणि हे आठवड्यातून 5 दिवस, 6 आठवडे. 30 सकाळी उपाशी पोराला मांडीवर घेऊन नंबराची वाट बघायची, मग तो शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. वजन उतरतं, चिडचिड वाढते. ते टळावं असं तुला वाटतं, मलाही वाटतं. पण रात्री बारा वाजता तू जे वाचत बसतेस ना, ती अमेरिकेच्या औषध प्रशासनाची भुलीच्या धोक्याबद्दलची 2016 ची सूचना 3 वर्षांच्या आतल्या मुलांविषयी आहे. बाळूला 5 पूर्ण झाली. तिथले भूलतज्ज्ञ रोज हेच करतात. त्यांना शत्रू समजू नकोस.

1981 साली मी शेक द्यायच्या कोबाल्ट यंत्रावर कामाला लागलो तेव्हा आजच्यासारखे जाळीचे साचे नव्हते. वाळूच्या पिशव्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या आणि कपाळावरून चिकटपट्टी ओढायची. पहिल्याच वर्षी एक चार वर्षांची मुलगी आली होती. ती थांबेना, बाहेर रांग वाढत चाललेली. मी आणि वॉर्डबॉयने तिला चादरीत गुंडाळून पट्ट्यांनी टेबलाला बांधलं. दोन मिनिटांचं काम होतं, झालं. दुसऱ्या दिवशी फाटकातून आत येतानाच ती उलट्या करायला लागली. मी हे तुझ्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे एक वयस्कर सिस्टर होत्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, आज वाचवलेली दहा मिनिटं तुला रोज परत द्यावी लागतील. तसंच झालं. ती पोर शेवटच्या दिवसापर्यंत मला बघून ओरडायची.

त्या सिस्टरांनीच पुढे मला शिकवलं. आदल्या दिवशी मुलाला रिकाम्या खोलीत न्यायचं. टेबल वर-खाली होतं ते बटण त्याच्या हाताने दाबायचं. आधी बाहुलीला झोपवायचं, मुलाने स्वतः तिला लाईट द्यायची, मग त्याचा नंबर. नंतर साचे आले तेव्हा उरलेल्या तुकड्यांतून आम्ही बाहुल्यांचेही साचे करायचो. तो प्लॅस्टिकचा पत्रा 70 अंशांच्या आसपास गरम पाण्यात मऊ होतो, तोंडावर टाकला की ओल्या गरम पंचासारखा लागतो आणि काही मिनिटांत घट्ट होतो. बाळूला हे आधी कुणी सांगितलं होतं का? विचारून ठेवतो फक्त, दोष देत नाही. पाच वर्षांच्या पोराच्या तोंडावर अचानक काहीतरी गरम येऊन बसलं तर तो हात मारणारच.

आणखी एक. तो डेक्सावर, म्हणजे सूज उतरवायच्या स्टेरॉइडवर आहे. त्याने गाल सुजतात, आठवड्यात साचा आवळायला लागतो. तो "टोचतंय" म्हणाला तर नाटक समजू नकोस. लगेच तंत्रज्ञाला सांग, त्यांना बघता येतं. आणि निळा उजेड दिसला किंवा ब्लीचसारखा वास आला म्हणाला, तर "काहीतरीच काय" म्हणू नकोस. डोक्याला शेक घेणाऱ्या काही जणांना डोळे मिटलेले असतानाही तसं होतं. मोठी माणसंही सांगतात. "हो, होतं असं" एवढं म्हण.

त्याच्याशी खोटं बोलू नकोस ताई. माझ्यासारखं करू नकोस.

तुला आठवतंय का? तू सहा वर्षांची होतीस, कुलकर्ण्यांच्या बोळात कुत्रं चावलं. तेव्हा पोटात 14 इंजेक्शनं द्यायचे, रोज एक. पहिल्या दिवशी मी तुला सांगितलं, एकच आहे, मुंगी चावल्यासारखं. तू न रडता घेतलंस, मी तुला श्रीखंडाची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चप्पल घालायला सांगितली तर तू माझ्याकडे असं बघितलंस की मला अजून ती नजर आठवते. तू तांदळाच्या कोठीमागे जाऊन बसलीस. मी तुला पाय धरून ओढून काढलं. पुढचे बारा दिवस मी तुला धरायचो आणि दवाखान्यातला कंपाउंडर टोचायचा. घरी आल्यावर तू फक्त आईशी बोलायचीस. रोज मुलांना समजावण्याचा पगार घेणारा माणूस मी, आणि स्वतःच्या मुलीशी हे केलं. भीती वाटली होती मला. रेबीजची. उशीर झाला तर काय, एवढंच डोक्यात. काल जावईबापू चापटीचं सांगत होते तेव्हा मला ती कोठीच दिसत होती.

म्हणजे चापट का मारलीस ते मला कळतं. बोलणार नव्हतो, तरी बोललोच. माफ कर.

आता त्याला किती दिवस जायचंय ते खरं सांग. भिंतीवर 30 चौकटी काढ, रोज एक त्याला रंगवू दे. "दुखणार नाही" हे लाईटपुरतं खरंच आहे, ते ठामपणे सांग. यंत्र त्याच्याभोवती फिरेल, घरघर करेल, अंगाला लागणार नाही. भिंतीवरून हिरव्या-लाल रेघा येतील. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं, त्यातली बरीचशी फोटो काढून जागा जुळवण्यात जातात. प्रत्यक्ष लाईट दोन-चार मिनिटं. तुम्ही सगळे बाहेर जाणार हे आधी सांग, पण कॅमेऱ्यात तो दिसतो आणि माईकवर ऐकू येतं हेही सांग. आधी त्याला बाहेरच्या पडद्यावर तुला झोपलेली दाखव, मग त्याची खात्री पटेल. त्याने हात हलवला की तंत्रज्ञ यंत्र थांबवतात, हे त्याला एकदा थांबवून दाखवायला सांग. थांबवता येतं हे कळलं की बरीच मुलं थांबवत नाहीत.

घरी स्टॅच्यू खेळा. जमिनीवर पाठीवर, आधी वीस आकडे, मग पन्नास. श्वास घेत राहायचं, फक्त हनुवटी हलवायची नाही. साच्यावर रंग द्यायला परवानगी मिळाली तर मारुती काढा, शेंदरी. त्याला हवा असेल तरच. नाहीतर ट्रक काढा, त्याला ट्रक आवडतात. तुझ्या आवाजात ती उंदराची गोष्ट रेकॉर्ड कर, लांबवून सांग. माईकवरून लावतात. स्टॅनफर्डच्या लोकांनी तर टेबलावरच पडदा बसवून मुलांना लाईट चालू असताना कार्टून दाखवायला सुरुवात केली आणि कितीतरी मुलांची भूल टळली. तुमच्याकडे तशी सोय आहे का, विचार. नसली तर गोष्ट पुरते.

आणि लोकर. तिचं एक टोक बाळूच्या मुठीत द्यायचं, गुंडा तुझ्या हातात. यंत्राच्या खोलीतून बाहेर येणाऱ्या त्या वळणाच्या बोळातून दाराबाहेरपर्यंत सोडत यायचं. बोटाला बांधायची नाही, नुसती धरायची, आणि यंत्र फिरतं त्या बाजूला जाऊ द्यायची नाही. आधी तंत्रज्ञाला विचारायचं. तो ओढेल, तू ओढायचंस. मी किती मुलांबरोबर हे केलं त्याची मोजदाद नाही. दार बंद झालं तरी खालच्या फटीतून जाते का ते बघा. नाही गेली तर बोळाच्या टोकाला खुर्चीला अडकवून ठेवा आणि त्याला तसं सांगा. धरलेली आहे म्हणू नकोस.

ही तुझ्या त्या अर्ध्या राहिलेल्या स्वेटरची लोकर आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. आई म्हणाली, उसव आता, कोण घालणार आहे. मी दोन दिवस बसून उसवला.

इतकं सगळं केलंस आणि तरी सोमवारी तो आत गेला नाही, तर त्या दिवशी त्याला आत ढकलू नकोस. भूल देऊन पहिले पाच-सहा दिवस काढा. खोली ओळखीची झाली की पुढे पुष्कळ मुलं आपण होऊन बिनभुलीची तयार होतात. काही नाही होत, त्यांची सगळी 30 भुलीतच होतात आणि शेक तेवढाच लागतो. गाठीला काही फरक पडत नाही. हे मी परत परत लिहितो आहे, माहीत आहे मला. तुझा स्वभाव माझ्यावर गेला आहे म्हणून लिहितो.

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी तू त्याला कडेवर घेऊन वॉर्डात फिरवत होतीस, तो व्हिडिओ मी आईच्या नकळत पुन्हा पुन्हा बघतो. तुझ्या हाताला ती नळी लागू नये म्हणून तू कोपर कसं वर धरलं होतंस. ते मला तेव्हा जमलं नसतं.

आईला गुडघ्यांमुळे जिना चढवू नकोस. भाजणी आठवड्यात संपवा.

सोमवारी तो आत न जाता भूल द्यावी लागली, तर सगळ्यांच्या आधी मला फोन कर. सकाळी सातपासून मी फोनजवळच आहे.

तुझे
बाबा