केसपेपरवरच्या त्या दोन ओळींसाठी

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार. माझ्या ओमची छाती आता मोकळी आहे, फीडही पचतंय. तुमचं नाव निघालं की अजून गळा भरून येतो, म्हणून समोर येऊन बोलण्यापेक्षा लिहिते आहे.

ओमला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे अंगावर ताबा नाही; तीही पाचव्या म्हणजे सगळ्यात तीव्र पातळीची. मान धरत नाही, बोलत नाही, पोटातल्या नळीतून खातो. एवढं कागदावर वाचलं की बऱ्याच जणांचा निकाल देऊन झालेला असतो. मागे एका दुसऱ्या दवाखान्यात, त्याला धाप लागलेली असताना, एका मोठ्या डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "अशा जगण्यात काय आहे? कशाला हट्ट करता?" एवढंच म्हणाले. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे विचारलंच पाहिजे. सुया, नळीने कफ ओढून काढायचं सक्शन, रात्रभरची तगमग आम्हीच बघतो. एखादा उपचार त्याला नुसता छळणार असेल तर नको म्हणणारी पहिली मीच असेन. पण माझ्या पोराला ओळखायच्या आधीच त्याच्या जगण्याची किंमत करून मोकळं व्हायचं? ते शब्द मी विसरलेले नाही.

तुम्ही मात्र ओमला तुमच्याकडे आणलं त्या रात्री ऑक्सिजन, इंजेक्शनं सगळं मार्गी लावलंत आणि स्टूल ओढून बसलात. विचारलंत, "याला काय आवडतं?"

मी सांगत सुटले. पप्पा त्याला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेतात. दूध तो तोंडाने पिऊ शकत नाही, पण म्हशीची धार ग्लासात पडायला लागली की आवाज करून हसतो. आजी बोलली की डोळे तिकडे वळवतो. आणि दुखलं तर रडत नाही, डावी मूठ आवळतो.

तुम्ही ते केसपेपरवर लिहून घेतलंत. औषधांच्या खाली, स्वच्छ अक्षरात: 'धारेचा आवाज आवडतो, हसतो. डावी मूठ आवळली तर दुखतंय असं समजावे.' इतक्या वर्षांच्या फायलीत त्याला काय येत नाही हेच लिहिलेलं आहे. सकाळी राउंडला आलेल्या सरांनी ते वाचलं, आधी त्याची मूठ बघितली आणि सिस्टरांना सक्शन जरा दमानं करायला सांगितलं. संध्याकाळी ह्यांनी कट्ट्यावरचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आणला. सिस्टरच विचारायला लागल्या, "हसला का?"

कॅनडातल्या डॉ. सरोज सैगल यांच्या १९९९ सालच्या अभ्यासाबद्दल तुम्हीच सांगितलंत. तीव्र अपंगत्व असलेल्या जगण्याला डॉक्टर-नर्सपेक्षा आईवडिलांनी आणि किशोरवयीन मुलांनी जास्त गुण दिले होते. मला नवल वाटलं नाही. लोक म्हणतात, आईचं काय, तिला माया आंधळं करते. पण मायेमुळेच तर मूठ दिसते! त्याचे वाईट दिवसही सगळ्यात आधी आम्हालाच कळतात. आमचा शब्द शेवटचा धरा असं मी म्हणत नाही. ठरवायच्या आधी आम्हाला विचारा, इतकंच.

माणुसकीला जादा वेळ लागत नाही, हे त्या वॉर्डात बघितलं. तुमच्यामागून मावशीसुद्धा त्याला नावाने हाक मारून मगच चादर बदलायच्या.

तुमची बदली होणार असं ऐकलं. जिथे जाल तिथे केसपेपरवर तेवढी जागा ठेवा. आणि निघायच्या आधी घरी जेवायला या, तांबडा-पांढरा करते. सासूबाईंनी तुम्हाला बघायचंच म्हणून धरून ठेवलंय.

तुमची,
ओमची आई
कोल्हापूर