फोटोतला कोळी

प्रिय अवि,

सप्रेम नमस्कार.

रात्री पावणेबाराला आलेला तुझा फोटो पाहिला आणि त्याखालचा 'विषारी आहे का रे?' हा प्रश्नही. फोनवर मी नुसतंच 'घाबरू नको' म्हणालो, त्यावर तू 'बरं' म्हणालास, पण ते 'बरं' काही खरं नव्हतं. म्हणून हे सविस्तर पत्र.

तर हो, विषारी आहे. पण तसे जवळजवळ सगळेच कोळी विषारी असतात. सापडलेला किडा निपचित पडायला ते विष लागतंच. ५०,००० हून जास्त जातींची नोंद झाली आहे आणि त्यांतल्या माणसाला खरा धोका असणाऱ्या अगदी मोजक्या.

तुझ्या बाथरूमच्या भिंतीवरचा नीट बघ. तळहाताएवढा, चपटा, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले आणि पोटाखाली धरलेली ती पांढरी चकती. वहिनींना ती विषाची पिशवी वाटली ना? ती अंड्यांची पिशवी आहे. म्हणजे तो नव्हे, ती! ही शिकारी कोळ्याची जात. जाळं विणून वाट बघत बसत नाही, रात्री हिंडून झुरळं पकडते. अंगाखाली दाबली गेली तर चावेल, दुखेल, जरा सुजेल, बस्स. आकारावरून धोका ठरवायचा नाही, हे एवढं लक्षात ठेव. ज्यांना भ्यायला हवं ते बहुतेक लहानच असतात.

उदाहरणार्थ ब्लॅक विडो. मादीचं धड जेमतेम सेंटीमीटरभर, काळं, तुकतुकीत, पोट वाटाण्यासारखं गोल आणि त्याच्या खालच्या बाजूला वाळूच्या घड्याळासारखी लाल खूण. ऑस्ट्रेलियातल्या तिच्या बहिणीला, रेडबॅकला, पाठीवरही लाल पट्टा असतो. जाळं वेडंवाकडं, गुंतवळासारखं, पण धागा चिवट. काडी लावून ओढलीस तर हाताला ताण जाणवतो. जागा जमिनीलगतची: कुंड्यांमागे, लाकडांच्या ढिगात, उलट्या ठेवलेल्या बादलीत. हिचं विष मज्जातंतूंवर काम करतं. चावलेली जागा फारशी दिसतही नाही, पण पोटात, पाठीत गोळे येतात, दरदरून घाम फुटतो.

दुसरा अमेरिकेतला ब्राऊन रेक्लूझ. पाठीवर व्हायोलिनसारखी खूण असते म्हणतात, पण तपकिरी कोळ्याच्या पाठीवर बघणाऱ्याला काहीही दिसतं. खरी खूण डोळ्यांची. बहुतेक कोळ्यांना आठ, याला सहा, तेही दोन-दोनच्या तीन जोड्यांत. याच्या चाव्याने कधीकधी कातडी सडते. आता गंमत ऐक. कॅन्सस राज्यातल्या एका घरात सहा महिन्यांत असे २,०५५ कोळी पकडले गेले, आणि घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या कुणालाही चावा झाल्याचं दिसलं नाही. उलट 'कोळी चावला' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कितीतरी जखमा जंतुसंसर्गाच्या निघतात. कोळी प्रत्यक्ष चावताना पाहिला नसेल तर त्याच्यावर आळ घेऊ नये, आणि जखम मात्र दाखवावी.

आता तू म्हणतोस तो सगळ्या घरभर फवारा. मी हा उद्योग केलेला आहे! कपाटामागे अर्धा डबा रिकामा केला, रात्रभर मीच खोकत होतो आणि सकाळी स्वारी त्याच ओल्या भिंतीवरून निवांत चालली होती. कारण नंतर कळलं. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, अंग जमिनीला घासत नाही, त्यामुळे पसरून ठेवलेलं औषध त्याला फारसं लागतच नाही. थेट अंगावर मारलं तर मरतो, पण मग चप्पल काय वाईट?

उपयोग होतो तो अडगळ काढण्याचा. पुठ्ठ्याची खोकी टाकून दे, सामान घट्ट झाकणाच्या डब्यांत भर. हात घालण्याआधी जाड हातमोजे, आणि ते घालण्याआधी झटकून घे. बरेच दिवस पडून असलेले बूट, टांगलेले कपडेही तसेच. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद कर, पाइप भिंतीत शिरतो तिथली भोकं बुजव. बाहेरचा पांढरा दिवा पिवळा कर. दिव्यावर किडे कमी तर कोळीही कमी. कोळिष्टकं काढताना अंड्यांच्या पिशव्या व्हॅक्यूमने ओढून घे, आतली धूळ लगेच पिशवीत बांधून बाहेर टाक. भिंतीच्या कडेने चिकट सापळे ठेवलेस तर कोण कुठून येतं तेही समजेल. पलंग भिंतीपासून जरा दूर सरकव.

कुणी चावलंच तर जागा साबणाने धू, थंड पट्टी ठेव, जमल्यास कोळ्याचा फोटो काढ. दोरी आवळणं, चीर देणं, तोंडाने ओढणं, यातलं काही करू नको. गोळे, घाम, उलट्या, धाप यांतलं काही दिसलं की थेट दवाखाना. लहान मूल असेल तर वाटही बघू नको. सिडनीकडच्या फनेल-वेब कोळ्याची गोष्ट न्यारी. तिथे हातापायाला पूर्ण पट्टी घट्ट गुंडाळून, हालचाल थांबवून रुग्णालयात नेतात. त्याच्यावरचं प्रतिविष १९८१ मध्ये आलं, रेडबॅकवरचं तर १९५६ पासून आहे.

तुझी ती मात्र आजच बाहेर ने, पिल्लं फुटायच्या आत. पेल्यात मावणार नाही, रुंद डबा घे. भिंतीवर हळूच पालथा घालून खालून जाड कागद सरकव. पाय कडेत अडकले तर तुटतात, तेवढं सांभाळ. सोडलीस की कळव, आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
नंदू