झुडपी जंगलातील वसंत आणि नाव न सांगता गेलेले मदतीचे हात

होळीच्या आदल्या रविवारी गावालगतच्या झुडपी जंगलात शाळेच्या मुलांसह पार पडलेला वसंताचा कार्यक्रम ज्यांच्यामुळे घडला, त्यांपैकी अनेकांची नावे आम्हांला अखेरपर्यंत कळली नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

पहाटे आम्ही पोहोचलो तेव्हा मोहाच्या झाडांखालचा पालापाचोळा कुणीतरी खराट्याने झाडून ठेवला होता. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून हा पाला पुष्कळदा पेटवला जातो आणि त्यातूनच वणवा पसरतो. तो न पेटवता झाडून काढणे किती कष्टाचे असते, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. या कामाचे मोल आम्हांला सर्वांत अधिक वाटते.

झाडावरच्या फुलांतला मध शिंजीर आणि साळुंक्यांसाठी राहू द्यावा, असे सांगून ज्या आजींनी मुलांना खाली गळलेलीच पळसफुले वेचायला लावली, आणि ती उकळल्यावर चिमूटभर चुन्याने केशरी रंग कसा गडद होतो हे दाखवले, त्यांना मनापासून नमस्कार. मुले अजूनही त्यांच्याविषयी विचारतात.

विदर्भातील झुडपी जंगल हे वनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली स्पष्ट केले. या मंडळींनी मात्र त्याला पडीक कधी मानलेच नव्हते.

बैलगाडीतून पिण्याचे पाणी आणून देणाऱ्या शेतकरीदादांचेही आभार. त्यांचे पिंप शाळेत जपून ठेवले आहे. ते त्यांनी केव्हाही घेऊन जावे.